आधीसांगे यांचे आखूड पडदे

त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण बँकेखेरीज त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. ऑफिसात कुणीतरी त्यांना ‘आधीसांगे’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव घरापर्यंत आलं आणि बघता बघता सख्ख्या आईच्याही तोंडात बसलं. त्याला कारणही तसंच होतं. या माणसाला आयत्या वेळी ठरवलेलं काहीच चालत नसे. पाहुणे किती वाजता येणार यापेक्षा किती वाजता जाणार, हे ते आधी विचारून घेत. लग्नाआधी भेटायला गेले तेव्हा होणाऱ्या बायकोला त्यांनी विचारलं होतं, की आपली भांडणं साधारण कुठल्या विषयांवर होतील. ती म्हणाली, “याच विषयावर.” उत्तर मुद्देसूद आहे म्हणून ते खूश झाले आणि लग्न ठरलं.

देवापुढे उभे राहिले तरी हाच प्रकार. आधी नाव, मग पत्ता, मग मागणं. आई वैतागायची.

“अरे, त्याला पत्ता कशाला सांगतोस? तो काय पोस्टमन आहे?”

“एका नावाची दोन माणसं असतात आई. कृपा चुकून दुसरीकडे गेली म्हणजे?”

आई देवाकडे बघून मुकाट्याने हात जोडायची. मुलाच्या वतीने माफी मागणं हा तिच्या रोजच्या पूजेचाच एक भाग झाला होता.

प्रोग्रॅम लिहिणं हा आधीसांग्यांचा धंदा. त्यातही त्यांची भाषा अशी, की प्रोग्रॅम चालायच्या आधी कंपायलर नावाचा एक खडूस परीक्षक तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि काही वावगं दिसलं तर चालूच देत नाही. देवाला न बोलताही मनातलं कळतं. कंपायलरला बोललेलंसुद्धा कळत नाही, फक्त लिहिलेलं कळतं, आणि तेही त्याच्या पद्धतीने लिहिलं असेल तर. आधीसांग्यांना हे फार आवडे. “चालताना पडण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं,” असं ते येताजाता म्हणत. ऐकणारा कंटाळून उठून जाई, तेही त्यांना आधी ठाऊक असे.

मग एक दिवस कंपनीने त्यांचा अख्खा विभागच गुंडाळला. हे मात्र त्यांना कुणी आधी सांगितलं नाही.

घरी बसल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर देण्याचं. बायकोने दोन दिवस सहन केलं.

“साखर चार नंबरला आहे,” ते म्हणाले.

“मला साखर दिसते ना. काचेची बरणी आहे. नंबर काय करू?”

“उद्या तू नसलीस, तर मला सापडायला नको?”

“मी नसले तर तुम्हाला साखर लागणार आहे?” बायको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आपल्याबरोबर कारखान्यात घेऊन गेली. प्रेमापोटी नव्हे. डबे वाचवण्यासाठी.

कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत शिवणयंत्रं, दुसरीत कापडाचे रोल आणि कापायचं मशीन. बायको पडदे करायची. दुकानांचे, ऑफिसांचे, घरांचे. तिथे सगळे तिला ताई म्हणत. जिन्यात रबराचा वास आणि वर आलं की नव्या कापडाचा, त्यामुळे शिवणाऱ्या बायका म्हणत, की इथे नाकालाच कळतं आपण किती पायऱ्या चढलो. पूर्वी कापणी मास्तर करायचे, हातात कात्री आणि कानावर खडू घेऊन. त्यांचे गुडघे गेले तेव्हा बायकोने हे मशीन जुन्यात घेतलं. लांबलचक टेबल, त्यावर रोल पुढे सरकणार, ठरलेल्या मापावर थांबणार आणि एक पातं रुळावरून आडवं धावत काप देऊन जाणार. मशीनला एवढं एकच काम येत होतं. पण त्याचा प्रोग्रॅम असा होता, की तोही कधीकधी विसरे. मग मास्तरांना फोन जाई आणि मास्तर म्हणत, “गुडघे आता बरे आहेत. केव्हा येऊ?”

आधीसांग्यांनी प्रोग्रॅम बघितला आणि डोक्याला हात लावला. खोलीचं नाव, रुंदी, उंची, नग असं सगळं सुटं सुटं प्रोग्रॅमच्या एका तुकड्याकडून, म्हणजे फंक्शनकडून, दुसऱ्याकडे जात होतं. वाटेत कुठे रुंदी गळायची, कुठे नग.

“मी नव्याने लिहितो,” ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम नुकतंच तिच्या हाती आलं होतं. कॉरिडॉर, खोल्या, सगळे पडदे. एवढं मोठं काम कारखान्यात पहिल्यांदाच आलं होतं.

“लिहा,” ती म्हणाली. “दवाखान्याचं काम तुमच्या हातून नीट पार पडलं तर मशीन तुमचं. नाही पडलं, तर मास्तर येतील आणि तुम्ही घरी.”

घरी म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. घरी आता नंबर द्यायला डबे उरले नव्हते. सकाळी उठून कपडे करून कुठेतरी जायचं, कुणीतरी विचारायचं, कुणीतरी थट्टा करायची, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे मागणं त्यांनी देवापुढेही कधी ठेवलं नव्हतं, कारण त्याचं वर्णन एका ओळीत बसेना.

त्यांनी कामाला सुरुवात केली तशी रिंगवाली मावशी येऊन मागे उभी राहिली. पडद्यांना वरच्या कडेला धातूच्या रिंगा ठोकायचं तिचं काम. ठोकाठोकी नसली की ती मापं संगणकात भरी.

“काय करता हो एवढं?”

“ट्युपल करतोय.”

“म्हणजे?”

“चार कप्प्यांचा डबा समजा. पहिल्यात खोलीचं नाव, दुसऱ्यात रुंदी, तिसऱ्यात उंची, चौथ्यात नग. सुटं काही द्यायचं नाही. अख्खा डबा एका फंक्शनने दुसऱ्याच्या हातात द्यायचा. वाटेत काही सांडत नाही.”

“आणि उघडतं कोण?”

“ज्याला लागेल तो. पण कितवा कप्पा उघडायचा, ते प्रोग्रॅम लिहितानाच सांगायचं. चालू झाल्यावर नाही.”

“का बरं?”

“कारण प्रत्येक कप्प्यातली वस्तू वेगळी. कंपायलर आधीच बघून घेतो, की मागितलंय तेच त्या कप्प्यात आहे ना. तुम्ही ऐनवेळी म्हणालात, की कुठला तरी उघड, तर आतून नाव निघणार की उंची, हे त्याला कसं कळावं?”

“उघडून बघायचं.”

“उघडायच्या वेळी तो नसतो मावशी. त्याचं काम आधीच संपलेलं असतं.”

“असं होय,” मावशी म्हणाली. “लग्न जुळवून देऊन जेवायच्या आधी निघून जाणाऱ्यातला दिसतो.”

आधीसांग्यांना ही उपमा पटली. शिवाय त्यांनी आणखी एक खबरदारी घेतली होती. रुंदी आणि उंची दोन्ही नुसते आकडेच, पण त्यांनी प्रत्येकीचा वेगळा प्रकार करून ठेवला. रुंदीच्या जागी उंची घालायला जाल तर कंपायलर दारातूनच हाकलून देईल. प्रोग्रॅम चालला, मशीन आज्ञाधारक झालं, नेहमीच्या रोलवरचे पडदे मापात उतरले.  त्या दिवशी बायकोकडून चहाचा पहिला कप त्यांच्यासमोर आला.

मग एक रुंद रोल आला.

“हे बघा,” बायको म्हणाली. “दवाखान्याच्या खोल्यांचं कापड या रुंद रोलमधून काढायचं. रोल आडवा वापरला की मध्ये जोड येत नाही. रोलच्या रुंदीत पडद्याची उंची बसते, म्हणून काप रुंदीच्या मापावर घ्यायचा. कॉरिडॉरचे पडदे साध्या रोलमधून, तिथे काप उंचीच्या मापावर. तेव्हा मशीनवर दोन बटणं द्या. उभं आणि आडवं. जो रोल लावेल त्याने ऐनवेळी ठरवायचं.”

“ऐनवेळी कप्पा ठरवता येत नाही,” आधीसांगे म्हणाले. “कंपायलर सोडणार नाही.”

“त्याला म्हणावं, ताईंनी सांगितलंय.”

त्यांनी करून बघितलं. कप्प्याचा आकडा बटणावरून येऊ दिला. कंपायलरने कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी लांब तक्रार लिहून परत पाठवली. सरळ मार्ग होता. ‘उभं’ दाबलं तर तिसरा कप्पा, ‘आडवं’ दाबलं तर दुसरा, असे दोन रस्ते स्पष्ट लिहून ठेवायचे. दोन्ही आकडे आधीच ठरलेले, निवड तेवढी ऐनवेळी. पण आधीसांग्यांना तो मार्ग गावंढळ वाटला. तेच ते दोनदा लिहायचं? इतकी वर्षं काय यासाठी केस पिकवले?

तेव्हा त्यांनी हुशारी केली. डब्यातून रुंदी आणि उंची बाहेर काढल्या, त्यांचे वेगळे प्रकार पुसून टाकले आणि दोघींना साधे आकडे करून एका रांगेत बसवलं. रांगेत सगळे एकाच प्रकारचे, त्यामुळे कितवा हवा ते ऐनवेळी सांगितलं तरी चालतं. मग त्यांना आणखी सुचलं. स्क्रीनवर बटणं दोन, रांगेत आकडे दोन. बटणाचा नंबर तोच रांगेतला नंबर. सगळं एका ओळीत आटोपलं. ती ओळ त्यांनी चष्मा काढून लांबून आणि परत घालून जवळून बघितली. नवरीकडे बघावं तशी.

कंपायलर काही बोलला नाही. याचा अर्थ त्याला पटलं, असा आधीसांग्यांनी लावला. खरं तर त्याला बोलायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

कॉरिडॉरचे पडदे कापून झाले, शिवून झाले. रिंगा ठोकताना मावशी म्हणाली, “आखूड वाटतात हो.”

“घडी घातल्यावर सगळंच आखूड वाटतं.”

“मी असा उभा धरला. माझ्या पोटापर्यंत आला.”

“मापं तुम्हीच भरलीत ना? मशीन त्याबाहेर जात नाही.”

मावशीने पुढची रिंग ठोकायला घेतली. शिकलेल्या माणसाने एवढ्या खात्रीने सांगितल्यावर आपलं पोटच वर सरकलं असेल, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि मावशी पडदे घेऊन दवाखान्यात गेल्या. पहिला पडदा दांडीवर चढवला आणि खाली येऊन बघतात तर जमिनीपर्यंत आलेल्या खिडकीचा वरचा भाग झाकलेला, खालचा मोकळा. मेट्रनबाई हातात किल्ल्या घेऊन शेजारी उभ्या होत्या.

“हा पडदा आहे,” त्यांनी शांतपणे विचारलं, “की खिडकीला टॉवेल गुंडाळलाय?”

बाकावर बसलेला कुणा पेशंटचा नातेवाईक म्हणाला, “चांगलंय की. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचे बूट दिसतील. बूट ओळखून पळता येईल.”

बायको कारखान्यात परत आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, “सगळे आखूड आहेत. उंचीच्या जागी रुंदीवर कापलेत. मापं कुणी भरली?”

“मावशींनी,” आधीसांगे म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची तशी श्रद्धाच होती. “प्रोग्रॅम कंपाइल झाला होता.”

“तो काय झाला होता ते मला नका सांगू. मेट्रनबाईंसमोर मी काय झाले ते मला माहीत आहे.”

मावशीने रिंगा ठोकायचा हातोडा टेबलावर ठेवला. अगदी हळू. “माझ्याकडून उलटसुलट भरलं गेलं असेल,” ती म्हणाली. “डोळ्यांचं काही खरं नाही हल्ली. ताई, तसं असेल तर मी उद्यापासून येत नाही. तुमचं नाव जायला नको.”

“आधी बघू दे त्यांना,” बायको म्हणाली आणि शिवणाच्या खोलीत निघून गेली. जाताना फक्त एवढंच म्हणाली, “उद्या रुंद रोल कापायचाय. तो बिघडला तर दुसरा मिळत नाही.”

आधीसांग्यांनी भरलेली मापं उघडली. रुंदीच्या जागी रुंदी होती, उंचीच्या जागी उंची. मावशीच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मग त्यांनी आपली ती लाडकी ओळ उघडली. स्क्रीनवर पहिलं बटण ‘उभं’. रांगेत पहिली रुंदी. ‘उभं’ दाबलं की मशीन इमानेइतबारे रुंदी घेत होतं. डबा जसाच्या तसा असता, रुंदीचा आणि उंचीचा प्रकार वेगळा असता, तर कंपायलरने पहिल्याच दिवशी आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्यांनीच दोघींना एकसारखे कपडे घालून त्याच्यासमोर उभं केलं होतं. आता त्याने कुणाला ओळखावं?

खोलीत ते एकटेच होते. ही ओळ वाचू शकणारे त्या इमारतीत दोघंच, एक ते आणि दुसरा कंपायलर, आणि कंपायलर चुगली करत नाही. दोन शब्द बदलले असते तर पाच मिनिटांत सगळं सरळ झालं असतं. मावशीचे डोळे खराब, हे मावशीनेच कबूल केलं होतं. उद्यापासून मशीन त्यांचं. वर बसलेल्याला प्रोग्रॅमची भाषा येते की नाही, याबद्दल आधीसांग्यांना आजवर थोडी शंका होती. त्या घटकेला ती उरली नाही. तो अगदी खांद्यावरून वाकून वाचतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांची मानच वळेना.

ते उठले. शिवणाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. यंत्रं थांबली.

“मावशींनी बरोबर भरलं होतं,” ते म्हणाले. “चूक माझी. बटण आणि माप यांची मी अदलाबदल केली. कंपायलरला कळलं नाही, कारण कळेल असं मी काही ठेवलंच नव्हतं.”

 मग मावशी म्हणाली, “म्हणजे इतका वेळ मी खालच्या टायरवाल्याकडे काम मागायचं ठरवत बसले होते, ते उगाच?”

“उगाच.”

“काय मागू तेही ठरवलं होतं. टायरला रिंगा बसवते म्हणणार होते.”

पोरीबाळी हसल्या. बायको हसली नाही. “मास्तरना सोमवारी बोलावते,” ती म्हणाली.

आधीसांग्यांनी मान हलवली.  “बोलाव. पण मास्तर आले तरी मशीन त्यांनाही वापरावंच लागेल. मला आजचा दिवस दे. सरळ करून ठेवतो आणि जातो.”

त्यांनी हुशारीची ओळ पुसली. रुंदी आणि उंची पुन्हा आपापल्या प्रकारात गेल्या, डब्यात आपापल्या कप्प्यात बसल्या, आणि डबा पुन्हा अख्खाच्या अख्खा कापणीच्या फंक्शनच्या हाती गेला. ‘उभं’ दाबलं तर तिसरा कप्पा, ‘आडवं’ दाबलं तर दुसरा. दोन रस्ते, दोन ठरलेले आकडे, गावंढळ आणि स्पष्ट. लिहिताना त्यांना मुळीच अभिमान वाटला नाही, आणि म्हणूनच बहुतेक ते बरोबर आलं.

संध्याकाळच्या आत बायको येऊन शेजारी खुर्ची ओढून बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

“मुद्दाम चुकवा बघू.”

“काय?”

“आज केलंत तसं. मुद्दाम करा.”

त्यांनी ‘उभं’च्या रस्त्यावर दुसरा कप्पा लिहिला. कंपायलरने लालभडक अक्षरांत नकार दिला.

“काय म्हणतोय?”

“उंची मागितलीत आणि रुंदी देताय, म्हणतोय.”

“आता दुसरीकडे चुकवा.”

त्यांनी दुसरीकडे चुकवलं. पुन्हा लाल. मग मावशी आली. मला एकदा चुकवू दे म्हणाली. तिने चौथ्या कप्प्यातले नग उंचीच्या जागी पाठवले. लाल. तिने पाचवा कप्पा मागितला. “पाचवा नाहीच,” असं कंपायलरने कळवलं. मावशीला मजा वाटू लागली. शिवणवाल्याही एकेक करून आल्या. तेवढ्या वेळात त्या खोलीत जेवढ्या चुका झाल्या तेवढ्या आधीसांग्यांनी नोकरीभर केल्या नसतील, आणि एकही मशीनपर्यंत पोचली नाही.

“आणि मी आकडाच चुकीचा भरला तर?” मावशीने विचारलं. “पाचच्या जागी सहा?”

 पूर्वीचे आधीसांगे असते तर त्यांनी विषय बदलला असता. “ते त्याला कळत नाही,” ते म्हणाले. “उंचीच्या जागी उंची आहे, एवढंच कळतं. ती खरी आहे का, ते आपणच बघायचं. पहिला तुकडा कापून खिडकीला लावून बघितल्याशिवाय बाकीचे कापायचे नाहीत.”

बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं. “हे पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोललात.”

दुसऱ्या दिवशी रुंद रोल टेबलावर चढला. ‘आडवं’ बायकोने स्वतः दाबलं. रोल सरकला, थांबला, पातं धावलं. तो एकच तुकडा तिने काखोटीला मारला आणि ती दवाखान्यात गेली. आधीसांगे मशीनपाशी बसून राहिले. ती येईपर्यंत त्यांनी रोलच्या कडेचे निघालेले धागे एकेक करून तोडले. मावशी म्हणाली, “पुरे हो, रोल टकला कराल.”

बायको परत आली तेव्हा हातात तुकडा नव्हता. तो खिडकीलाच राहिला होता. तिने उभ्या उभ्या फोन लावला.

“मास्तर, सोमवारी या. हो, काम आहे. कॉरिडॉरचे पडदे आखूड झालेत, त्यांना खाली गडद पट्टी जोडायचीय. मेट्रनबाई चालेल म्हणाल्या, खाली ट्रॉल्या लागून मळतंच म्हणे. पट्टीची कापणी हातानेच बरी, तुमची कात्री घेऊन या.” मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने पदराने कपाळ पुसलं. “मशीन? नको, मशीनला कुणी नकोय. मशीनवर आमचे हे आहेत.”

तिने फोन ठेवला. आधीसांगे रोलपाशी तसेच उभे होते.

“बघत काय उभे आहात,” ती म्हणाली. “बाकीच्या खोल्या कापायला घ्या.”